फेब्रुवारीतले 300 रुपये

हिशेबाची वही : वाचकांचे प्रश्न

(पत्रं जागेअभावी थोडक्यात छापली आहेत. नावं कुणाचीच छापत नाही, हे नेहमीचंच.)

प्रश्न : बाई, नमस्कार. माझा भाचा न्यू जर्सीत एका मोठ्या बँक्वेट हॉलमध्ये हिशेबनीस होता. कोरोनात लग्नं बंद, हॉल बंद, नोकरी गेली. परवा दिवाळीला आला तेव्हा सहज बोलता बोलता म्हणाला, "मामा, घरी बसून आठवड्याला 713 डॉलर बेकारी भत्ता मिळायचा, वर आणखी 600." म्हणजे 1,313 डॉलर! इथे आम्ही दुकानाचं शटर पाडून लाइटबिलाला महाग झालो होतो. सगळा देशच घरी बसलेला असताना सरकारकडे एवढा पैसा येतो कुठून? आमचे चिरंजीव म्हणतात, नोटा छापल्या. खरं का?
— एक मामा, मिरज

उत्तर : मामा, भाच्याने दोन आकडे वेगवेगळे सांगितले हे फार बरं केलं. लोक बेरीज सांगतात आणि तिथेच घोटाळा होतो. ते 713 एका खिशातले आणि 600 दुसऱ्या खिशातले. पहिला खिसा न्यू जर्सी राज्याचा, दुसरा वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारचा.

आधी 713 बघू. न्यू जर्सीत नोकरी गेलेल्याला त्याच्या सरासरी आठवडी पगाराच्या 60 टक्के मिळतात, पण वर एक मर्यादा असते. 2020 साली ती 713 डॉलर होती. भाच्याचा पगार बरा असणार, म्हणून तो मर्यादेला जाऊन टेकला. हा पैसा आयकरातून येत नाही. तिथला प्रत्येक मालक कामगारांच्या पगारावर राज्याला ठरावीक टक्के भरतो, वर्षानुवर्षं, मंदी असो वा नसो. बहुतेक राज्यांत कामगाराच्या खिशाला हात लावत नाहीत. अलास्का, पेन्सिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी ही तीन राज्यं मात्र त्याच्या पगारातूनही कापतात. म्हणजे तुमचा भाचा स्वतःसुद्धा, अर्ध्या टक्क्याहून कमी का होईना, दर पगाराला भरत होता. त्याला जुनी पगारपत्रकं काढून बघायला सांगा. फुकटचं मिळालं असं त्याला वाटत असेल तर ते डोक्यातून जाईल.

मालकांचा दर सरसकट एक नसतो. आपल्या गाडीच्या विम्याला क्लेम नसला की हप्ता कमी होतो ना, तशातलंच हे. ज्याने गेल्या काही वर्षांत माणसं जास्त काढली त्याला चढा दर, ज्याने सांभाळली त्याला उतरता. माणूस काढणं फुकट पडू नये, हा त्यातला डाव.

जमलेली रक्कम राज्य आपल्या तिजोरीत ठेवत नाही. ती केंद्राच्या ट्रेझरीतल्या एका निधीत जाते आणि तिथे प्रत्येक राज्याचं वेगळं खातं असतं. भत्ता देण्याखेरीज त्यातून पैसा काढता येत नाही. मी 36 वर्षं कोषागारात काढली, त्यामुळे या एका गोष्टीचं मला सगळ्यात जास्त कौतुक आहे. का, ते पुढच्या पत्राच्या उत्तरात येईल.

ही रचना आजची नाही. 1932 साली, महामंदीत, विस्कॉन्सिन राज्याने असा पहिला कायदा केला. बाकीची राज्यं कचरत होती, कारण एकट्याने मालकांवर कर लावला तर कारखाने शेजारच्या राज्यात जातील ही भीती. 1935 साली रूझवेल्ट सरकारने सामाजिक सुरक्षा कायदा आणला आणि त्यात एक गंमत केली. देशभरच्या मालकांवर केंद्राचाच कर बसवला आणि सांगितलं, तुमच्या राज्याने स्वतःची बेकारी विमा योजना केली असेल तर यातला बहुतेक भाग तुम्हाला माफ. मग कुठलं राज्य मागे राहणार? आज हा केंद्राचा कर माणसामागे पहिल्या 7,000 डॉलर पगारावर 6 टक्के आहे, त्यातले 5.4 टक्के माफ. उरले 0.6 टक्के, म्हणजे माणसी वर्षाला 42 डॉलर. ती 7,000 ची मर्यादा 1983 पासून हललेली नाही. (सरकारं सगळीकडची सारखीच म्हणायची.) या 42 डॉलरांतून योजना चालवण्याचा खर्च निघतो आणि अडलेल्या राज्यांना कर्ज देण्यासाठी गंगाजळी राहते.

आता मंदी येते तेव्हा काय होतं? कामावर माणसं कमी, म्हणून मालकांकडून येणारा भरणा आटतो. बेकार जास्त, म्हणून देणं फुगतं. विहिरीचा झरा आटावा आणि त्याच आठवड्यात सगळा गाव घागरी घेऊन यावा, तसं. मार्च 2020 च्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेत 60 लाखांहून जास्त लोकांनी भत्त्यासाठी नवे अर्ज केले. एका आठवड्यात! ज्या राज्यांनी चांगल्या वर्षांत मालकांना खूश ठेवायला दर कमी ठेवले होते, त्यांची खाती काही महिन्यांत कोरडी पडली.

पण कायद्याने भत्ता बंद करता येत नाही. आणि तिथल्या जवळजवळ सगळ्या राज्यांना अंदाजपत्रक तुटीत ठेवायलाही बंदी. तेव्हा राज्य केंद्राकडून उचल घेतं. 2008 नंतरच्या मंदीत तीसहून जास्त राज्यांनी अशी उचल घेतली, कोरोनात वीसहून जास्त राज्यांनी. ही उचल बिनव्याजी नसते (कोरोनात सप्टेंबर 2021 पर्यंत व्याज माफ होतं, एवढंच). शिवाय ते व्याज बेकारी खात्यातून देता येत नाही, राज्याला ते दुसऱ्या पैशातून भरावं लागतं. उचल वेळेत फिटली नाही तर केंद्र राज्याकडे तगादा लावत बसत नाही. त्या राज्यातल्या मालकांची ती 5.4 टक्क्यांची माफी दरवर्षी 0.3 ने कमी होत जाते. कॅलिफोर्नियाचं उदाहरण घ्या. तिथली सुमारे 20 अब्ज डॉलरची उचल थकली. मग 2022 साली मालकाला माणसामागे 42 ऐवजी 63 डॉलर पडले, 2023 ला 84, 2024 ला 105. म्हणजे 2020 साली काढलेल्या माणसाच्या भत्त्याचा हप्ता 2024 साली कामाला ठेवलेल्या माणसामागे भरला गेला. काही राज्यांनी पुढे केंद्राकडूनच मिळालेल्या कोरोना मदतीतून आपली उचल फेडून टाकली. ज्याचं घेतलं त्याच्याच पैशाने फेडलं! असे चमत्कार कागदावर नेहमीच करता येतात.

आता तुमचे 600. ते पूर्णपणे केंद्राचे. 27 मार्च 2020 ला झालेल्या कायद्याने, प्रत्येक भत्तेकऱ्याला आठवड्याला 600 डॉलर वरून, जुलैअखेरपर्यंत. नंतर डिसेंबरअखेरीपासून 300, ते सप्टेंबर 2021 पर्यंत. या रकमेसाठी आधी कुणीही, काहीही भरलेलं नव्हतं. त्या वेळी कमी पगाराच्या कितीतरी लोकांना पगारापेक्षा भत्ता जास्त पडला आणि त्यावरून तिथे बरीच भांडणं झाली.

तर चिरंजीवांचा प्रश्न : छापल्या का? सरळ छापल्या नाहीत. सरकारने कर्जरोखे विकले. त्या आर्थिक वर्षात अमेरिकेची तूट 3 लाख कोटी डॉलरच्या वर गेली. पण त्याच काळात तिथल्या मध्यवर्ती बँकेने, फेडने, बाजारातून सरकारी रोखे प्रचंड प्रमाणात विकत घेतले आणि त्यासाठीचा पैसा नव्याने निर्माण केला. म्हणजे सरकारने बाजाराला रोखे विकले आणि बँकेने बाजाराकडून घेतले. मधला दलाल काढला तर चिरंजीवांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. 2022 च्या जूनमध्ये तिथली महागाई 9.1 टक्क्यांवर गेली तेव्हा तोच मुद्दा घेऊन अर्थतज्ज्ञ भांडत होते. किती दोष या पैशाचा, किती युद्धाचा आणि अडलेल्या जहाजांचा, यावर त्यांचं अजून एकमत नाही. मला विचाराल तर त्या वेळी दिले ते योग्यच केलं. तुमच्या भाच्याने त्या पैशातून घरभाडं आणि किराणा भरला असेल. त्यामुळे घरमालक आणि किराणावाला तगले. नाही तर तेही त्याच्या मागोमाग रांगेत आले असते.

जाता जाता. भाच्याला भत्ता उशिरा मिळाला असणार, विचारा. न्यू जर्सीच्या भत्त्याचे संगणक इतके जुने होते की एप्रिल 2020 मध्ये तिथल्या गव्हर्नरांनी पत्रकार परिषदेत कोबोल ही जुनी संगणकाची भाषा येणारे स्वयंसेवक मागितले. कोबोल! वायटूकेच्या वेळी पुण्यातल्या निम्म्या पोरांनी क्लास लावून शिकलेली ती भाषा. माझा धाकटा दीर तर ती बातमी वाचून जुनी वही शोधत होता.

प्रश्न : काकू, मी चाकणला एका कारखान्यात आहे. दर महिन्याला पगारातून 200 रुपये प्रोफेशनल टॅक्स जातो. फेब्रुवारीत 300 गेले. एचआरला विचारलं तर म्हणाले, सरकारचा नियम. महिना 28 दिवसांचा आणि कर जास्त? हा कर नक्की जातो कुठे?
— एक कामगार, चाकण

उत्तर : बाळा, 300 चं कोडं सोपं आहे. राज्यघटनेच्या 276 व्या कलमाने हा कर माणसी वर्षाला 2,500 च्या वर घेता येत नाही. ही मर्यादा 1988 पासून आहे, त्याआधी 250 होती. 2,500 ला 12 ने भाग जात नाही. म्हणून अकरा महिने 200 आणि एक महिना 300. तो महिना फेब्रुवारी, इतकंच. 31 मार्चच्या आत वर्षाचा हिशेब मिटतो.

कुठे जातो, हे विचारलंस ते मात्र माझ्या जिव्हाळ्याचं आहे. माझी नोकरी उपकोषागारात गेली. व्यवसाय कराची चलनं 0028 या शीर्षाखाली यायची, रोज गठ्ठ्याने. भरायला येणाऱ्या शंभरातल्या एकालाही माहीत नसायचं की हा कर 1975 साली महाराष्ट्राने लावला तो रोजगार हमीसाठी.

मी सांगोला तालुक्यातली. 1972 च्या दुष्काळात दहा वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची, मी पाटीत भरायचे. संध्याकाळी सुकडी मिळायची. घरी मिलोची भाकरी. ती तांबडी ज्वारी कशी लागायची ते आता सांगून कळणार नाही. मुकादम मस्टरवर अंगठे घ्यायचा. मे 1973 च्या सुमाराला राज्यभर जवळजवळ 50 लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर होती. तोवर पद्धत अशी की दुष्काळ जाहीर झाला तर काम, नाही तर नाही. म्हणजे मिळालं तर मेहेरबानी.

ती मेहेरबानी हक्क व्हावी, ही कल्पना वि. स. पागे यांची. विधान परिषदेचे सभापती, मूळचे तासगावकडचे. काम मागेल त्याला सरकारने दिलंच पाहिजे, आणि पंधरा दिवसांत दिलं नाही तर बेकारी भत्ता दिला पाहिजे, असं कायद्यातच घातलं. भत्ता किती? दिवसाला किमान एक रुपया. हसू नकोस. 1977 साली विधिमंडळाने हा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. भत्ता छोटा असला तरी "दिलाच पाहिजे" हे शब्द छोटे नव्हते.

पण हमी दिली की पैसा लागतो, आणि दुष्काळ अंदाजपत्रक बघून येत नाही. म्हणून पैशाची सोय आधी केली. शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर. बागायती जमिनीवर कर. वाहनकर आणि विक्रीकरात जादा भर. शहरातल्या दुकानांवर, कार्यालयांवर रोजगार हमी उपकर. तुझ्या ओळखीत कुणाचा गाळा असेल तर मालमत्ता कराच्या बिलावर तो शब्द अजून सापडेल. आणि या करांतून जितकं जमेल, तितकीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची. एका रुपयाचे दोन.

वर मिरजेच्या मामांना मी अमेरिकेचं सांगितलं. तिथे मंदी आली की भरणारा आणि घेणारा दोघेही एकदमच आडवे होतात. आपल्या योजनेची खुबी तीच की असं होत नव्हतं. सांगोल्यात, आटपाडीत पाऊस पडला नाही म्हणून मुंबईतल्या बँकेचा पगार थांबत नाही. भरणारा शहरातला, घेणारा कोरडवाहूतला, आणि दोघांवर येणारी संकटं वेगळ्या जातीची. पागेसाहेबांनी हे असं मांडलं होतं की नाही माहीत नाही, पण चलनं आणि बिलं एकाच टेबलावर बघताना मला ते दिसायचं. सकाळी चलनं, दुपारी कृषी खात्याची, वन खात्याची, बांधकामाची रोहयोची बिलं.

एक गोष्ट सांगते, ती माझ्याच चुकीची. नोकरीला चारेक वर्षं झाली असतील. नाला बंडिंगच्या मजुरीचं एक बिल आलं, अक्षरी रक्कम आणि आकडा जुळत नव्हता. चूक चाळीस रुपयांची. मी आक्षेप लावून परत पाठवलं, नियमाप्रमाणे. कृषी सहायक दुरुस्त करून आणेपर्यंत मध्ये सुट्ट्या आल्या, मजुरांची पंचमी कोरडी गेली. आईला घरी सांगितलं. ती काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर रोहयोच्या बिलात असली चूक दिसली की मी माणसाला समोर बसवून तिथेच दुरुस्त करून घ्यायचे. वरिष्ठ दोनदा रागावले.

आता कडू भाग. कर दरवर्षी येत राहिला, पण सगळा मजुरीला गेला नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी खर्च कमी होणं ठीक, शिल्लक पुढच्या दुष्काळाला ठेवायची. पण ती शिल्लक कागदावर राहिली आणि पैसा राज्याच्या एकत्रित तिजोरीत मिसळून इतर कामांना लागला. लेखापरीक्षकांनी त्यावर वेळोवेळी शेरे मारले. अमेरिकेच्या त्या वेगळ्या खात्याचं कौतुक मी केलं ते याचसाठी. पुढे 2005 साली केंद्राचा रोजगार हमी कायदा आला. त्यात अकुशल मजुरी पूर्ण केंद्राची आणि बेकारी भत्ता मात्र राज्याच्या खिशातून, पहिले तीस दिवस मजुरीच्या पाव, नंतर निम्मा. हेतू उघड होता : काम दिलंस तर पैसे माझे, नाही दिलंस तर दंड तुझा. केंद्राची हमी होती शंभर दिवसांची; महाराष्ट्राने त्यानंतरची मजुरी आपल्या कायद्याखाली स्वतः द्यायचं ठेवलं. म्हणजे मोठा भार केंद्राकडे गेला. तुझे 2,500 मात्र होते तिथेच आहेत. महिलांना एप्रिल 2023 पासून महिना 25,000 पगारापर्यंत हा कर माफ केला, तेवढीच सूट.

आणि कोरोनात काय झालं? ती खुबीच मोडली. चाकणही बंद, सांगोलाही बंद. राज्याची आवक इतकी आटली की मार्च 2020 चे सरकारी पगार दोन हप्त्यांत झाले. मी त्याच वर्षी निवृत्त झाले, सगळं डोळ्यांसमोर आहे. राज्याला केंद्रासारखं मनाला येईल तेवढं कर्ज काढता येत नाही. जीएसटीच्या भरपाईसाठी तर केंद्रानेच 1.10 लाख कोटी रुपये कर्ज काढून राज्यांना दिले. त्या काळात हाताशी असलेला तयार पैसा एकाच ठिकाणी दिसला, तो बांधकाम कामगारांच्या मंडळाकडे. प्रत्येक बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर घेतात, तो तेजीच्या वर्षांत तिथे साठला होता. त्यातून 2020 मध्ये नोंदणी असलेल्यांच्या खात्यात 2,000 रुपये गेले, 2021 च्या लाटेत 1,500. रक्कम काय, आठवडाभराच्या किराण्याची. ज्यांची नोंदणी नव्हती त्यांना तेही नाही, आणि तीच माणसं पायी निघाली होती.

प्रश्न : माझी कंपनी बंद पडली. पगार 19,000 होता, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जायचा. मला बेकारी भत्ता मिळतो का? पीएफ काढण्याचा सल्ला सगळे देतात.
— एक भगिनी, इचलकरंजी

उत्तर : ताई, पीएफ तुमचाच पैसा आहे, तो काढण्याला भत्ता म्हणत नाहीत. त्याला शेवटी हात लावा.

ईएसआयमध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 पासून आहे. नोकरी गेलेल्याला सरासरी रोजच्या पगाराच्या 25 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस, असा मूळ नियम. कोरोनात तो 50 टक्के केला आणि नोकरी गेल्यावर वाट बघायचे 90 दिवस 30 वर आणले. या सवलतीला मुदतवाढ देत देत चालवतात, तेव्हा आजचा दर शाखेत विचारून घ्या. पैसा सरकारच्या करातून येत नाही. तुमच्या पगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के, असा जमलेला तो निधी आहे. लाभ आयुष्यात एकदाच मिळतो, म्हणून दोन महिन्यांत दुसरी नोकरी लागायची खात्री असेल तर अर्ज करण्याआधी विचार करा. काम स्वतःहून सोडलेल्याला किंवा गैरवर्तनावरून काढलेल्याला मिळत नाही. तेव्हा राजीनामा लिहून द्या म्हणून कुणी मागे लागलं तर देऊ नका. जाताना आधार, बँकेचं पासबुक आणि विमा क्रमांक न्या. शाखेत सकाळीच जा. जेवणाच्या सुट्टीनंतर काउंटरवर माणूस असेलच, याची हमी मी, आयुष्यभर काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेली, देऊ शकत नाही.